पहिल्या पंधरवड्यात निर्णय नको

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ईसीजी आणि थायरॉईडची तपासणी व्यवस्थित आली, मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डरचे, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांच्या आजाराचे, निदान करून एसिटालोप्राम लिहून दिले, आणि ती स्ट्रिप अजून न फोडता तू कपाटात ठेवली आहेस, एवढे मला समजले. तुझे उपचार तुझ्या डॉक्टरांच्याच हाती राहावेत. परंतु ठाण्यात रुग्णालयाच्या औषध विभागात अनेक वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला उभे राहून मी ही गोळी असंख्य माणसांना दिली आहे, आणि ती कुठे व का अर्धवट सुटते हे जवळून पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तू विचारतेस, की मला नैराश्य नाही, मी काम करते, हसते, जेवते, मग नैराश्यावरची गोळी मला कशासाठी. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने इमिप्रामिन हे तेव्हाचे नैराश्यावरचे नवे औषध भीतीच्या झटक्यांनी हैराण झालेल्या रुग्णांना देऊन पाहिले. रुग्ण सांगत राहिले की काहीच फरक नाही. पण ‘मी आता मरणार’ म्हणत वारंवार परिचारिकांकडे धावत येणारी तीच माणसे आता येईनाशी झाली आहेत, हे वॉर्डात लक्षात आले. पुढे 1980 साली अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र स्थान मिळाले, त्यामागे या निरीक्षणाचा मोठा वाटा होता. म्हणजे हे औषध पॅनिकवर कामी येते, ही माहिती तुझ्या-माझ्या शंकेपेक्षा बरीच जुनी आहे. शिवाय सुधारणा कधीकधी रुग्णाच्या आधी जवळच्या माणसाला दिसते, हेही त्या हकिकतीतून घेण्यासारखे आहे. तेव्हा कॅलेंडरवर झटक्यांची खूण करण्याचे काम आईकडे दे.

एसिटालोप्राम, सरट्रालिन, पॅरोक्सेटिन ही आजची औषधे मेंदूच्या पेशींनी सेरोटोनिन हे रसायन परत शोषून घेण्याची क्रिया रोखतात. हे रोखणे पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होते, मात्र भीती ओसरायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला कधी तीन महिनेही जातात, कारण मेंदू या बदलाशी सावकाश जुळवून घेतो. ‘सेरोटोनिन कमी पडले म्हणून भीती वाटते’ असे सुटसुटीत स्पष्टीकरण तुला कोणी दिले, तर त्यावर फार विसंबू नकोस. प्रत्यक्षात गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. झटका आला की घ्यायची ही गोळी नव्हे. ती रोज, ठरलेल्या वेळी, झटका येवो वा न येवो, घ्यायची असते.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले, ते सांगते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता कमी होण्याऐवजी वाढू शकते. मळमळ, डोकेदुखी, हात थरथरणे, झोप विस्कटणे, आणि छातीत तीच ओळखीची धडधड. पॅनिकचा रुग्ण शरीरातल्या प्रत्येक हालचालीवर आधीच पहारा ठेवून असतो, त्यामुळे ही धडधड त्याला इतरांपेक्षा जास्त घाबरवते आणि ‘मला हे औषध सोसत नाही’ असा निष्कर्ष काढून तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळी सोडतो. खिडकीवर उरलेली स्ट्रिप परत करायला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच टप्प्यावरचे असत, आणि त्यांना औषधाचा गुण येण्याआधी फक्त त्रासच भेटलेला असे, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणूनच तुझ्या डॉक्टरांनी पहिला आठवडा 5 मिलिग्रॅम आणि नंतर 10 मिलिग्रॅम असे लिहिले आहे. गोळी जेवणानंतर घे. झोप उडत असेल तर सकाळची आणि पेंग येत असेल तर रात्रीची वेळ ठरवावी का, हे डॉक्टरांना विचार. त्रास झाला तर त्यांना जरूर फोन कर, पण औषध उपयोगाचे की नाही, याचा निकाल या पंधरवड्यात लावू नकोस.

याला एक अपवाद आहे आणि तो गंभीरपणे लक्षात ठेव. तू पंचविशीच्या आत आहेस. या वयात उपचाराच्या सुरुवातीला काही जणांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने 2007 साली ही ठळक सूचना 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केली. असे विचार आले, किंवा झोपेची गरजच संपल्यासारखा विलक्षण उत्साह आणि बेफाम चिडचिड सुरू झाली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळव आणि आईला जवळ बसव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालतो. घराण्यात कोणाला बायपोलर आजार, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी नैराश्य येण्याचा विकार, असेल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.

स्ट्रिपवरचे ब्रँडचे नाव वाचून थांबू नकोस, खाली बारीक अक्षरांत छापलेले घटक वाच. आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकले जाते, आणि आपण दोन औषधे घेत आहोत हे कित्येकांना ठाऊकच नसते. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम पहिले काही आठवडे आधार म्हणून डॉक्टर देऊ शकतात, कारण ते लगेच शांत करते. पण त्याची सवय लागते, त्याचा डोस वाढत जातो, आणि महिनोन्महिने घेऊन अचानक थांबवल्यास आकडी (फिट) येण्याचा धोकाही असतो. ‘गोळ्यांची सवय लागते’ ही तुझ्या बाबांची भीती या गटाबद्दल खरी आहे, एसिटालोप्रामबद्दल तशी नाही. तुझ्या चिठ्ठीत क्लोनाझेपाम असेल, तर ते किती दिवस घ्यायचे आणि कसे कमी करायचे, हे पहिल्याच भेटीत लिहून घे. पर्समध्ये ती गोळी असल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडत नाही, अशी वेळ येऊ देऊ नकोस.

डोकेदुखीसाठी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन परस्पर आणू नकोस, कारण या औषधासोबत रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ट्रामाडॉल हे वेदनाशामक, मायग्रेनवरची काही औषधे, एवढेच काय आयुर्वेदिक काढेही डॉक्टरांना सांगून घ्यावेत. मद्य टाळ. कामेच्छा कमी होणे हाही या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे. संकोचामुळे लोक तो सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात, वास्तविक त्यावर मात्रा किंवा औषध बदलून मार्ग निघतो.

घरच्यांचे मला समजते. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा ऐकत महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या, आणि 1901 पासूनचे ते मनोरुग्णालय आपल्याच शहरात असल्याने आपल्याला ती अधिक बोचते. पण याच शहरात, नौपाड्यात, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली, आणि समुपदेशनासाठी तिथला जिना चढणारी माणसे तुझ्यासारखीच नोकरी करणारी, संसार करणारी आहेत.

समुपदेशनाचे सांगते, कारण ऐरोलीला जायला तू लोकल सोडून रिक्षा धरलीस, ते नुसत्या गोळीने सुटेल असे मला वाटत नाही. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरतो. पण दर वेळी तू गाडीतून मध्येच उतरलीस, तर तो आपोआप उतरतो हे तुझ्या मनाला कधी कळतच नाही. औषध भीतीचा जोर कमी करते, तेव्हा सीबीटी (विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या मदतीने टाळलेल्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने परत जायचे असते: आधी गर्दी नसताना ठाणे ते दिघा गाव, मग ऐरोलीपर्यंत, मग कामाच्या वेळेला, मग एकटीने. गोळी लागू पडल्यानंतरचे महिने या सरावासाठी फार मोलाचे असतात.

त्याच महिन्यांत ‘आता मी बरी आहे’ म्हणून गोळी सोडण्याचा मोह होईल. बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवतात, नाहीतर झटके परतण्याचा संभव वाढतो. एकदम थांबवल्यास चक्कर, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, विचित्र स्वप्ने असा त्रास होतो, म्हणून मात्रा आठवड्याआठवड्याने किंवा त्याहून सावकाश उतरवतात. गणपतीला कोकणात जाशील तेव्हा पुरेशा गोळ्या आणि चिठ्ठीचा फोटो सोबत ने, आणि एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस.

हे पत्र आईला वाचायला दे. तिला काही विचारायचे असेल तर संध्याकाळी फोन करू दे, मी घरीच असते.

तुझी,
मावशी