लोकरी कुंची शिवताना कापड आधी आटवा

14व्या शतकातल्या युरोपीय माणसाची कुंची म्हणजे बाळाच्या कुंचीसारखीच, फक्त जाड लोकरीची आणि खांदे झाकणारी. शिवायला सोपी आहे; बिघडते ती कापडावर. सव्वा मीटर तिरप्या विणीची लोकर घ्या आणि कापण्याआधी कोमट साबणपाण्यात चोळून आटवा. तंतू एकमेकांत गुंततात, कापड दाट होतं, वारा अडतो, काठ सहसा उसवत नाहीत. हे टाळलंत तर भिजल्यावर आटलेला गळा डोक्यातून जाणार नाही.

माप डोक्याच्या घेराचं, मानेचं नव्हे. घेर 58 सेंटीमीटर असेल तर शिवलेला गळा किमान 62 ठेवा. खांद्यावर चीर देऊन त्रिकोणी कळी बसवा. ग्रीनलंडमध्ये हेर्योल्फ्सनेसला 1921 साली उत्खननात निघालेल्या काही कुंच्यांना कळ्या आहेत. फसगत होते ती कळीच्या टोकाशी. तिथे शिवणीला कापड उरत नाही, म्हणून शेवटचे 2 सेंटीमीटर मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने बारीक उलट टीप घाला. बाकी सगळीकडे धावदोरा चालतो.

मागची लांब शेपटी हवीच असेल तर वेगळी पट्टी जोडा, अखंड कापलीत तर कापड फार वाया जातं. अस्तर पहिल्या खेपेला नकोच.