आईचा क्रूस कुठे ठेवू?

प्रिय मावशी,

मी मूळची नगरची, मराठी ख्रिस्ती. लग्न हिंदू घरात झालं, आता हडपसरला असते. आई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, तीस वर्षं नोकरी, त्यातल्या निम्म्या तरी नाइट. फेब्रुवारीत ती गेली. तिच्या युनिफॉर्मच्या खिशात कायम असायचा तो चांदीचा क्रूस माझ्याकडे आलाय. बोटभर, साधा, उजवी बाजू झिजून गुळगुळीत झालेली. गेल्या महिन्यात सोनाराकडून त्याला कडी बसवून घेतली आणि गळ्यात घालायला लागले. ताई चिडली. म्हणाली, बारा वर्षांत उपासनेला गेली नाहीस, प्रभुभोजन घेतलं नाहीस, तुला काय हक्क? माझ्याकडे दे, मी आईच्या बायबलात ठेवते. सासूबाई प्रेमानेच म्हणाल्या, देवघरात ठेवू. मी अंघोळीला जाताना काढून ठेवला होता, तर परवा खरंच त्यांनी तो देवघरात मांडून हळदकुंकू वाहिलं. मला रडूच फुटलं, का ते कळलं नाही. खरं सांगू का, क्रुसाकडे पाहून मला येशू आठवत नाही, आई आठवते. हे ढोंग आहे का?

धाकटी, हडपसर

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना बहीण आणि सासू दिसल्या. दुसऱ्यांदा ती कडी दिसली. क्रुसाला कडी नव्हती, ती तू बसवून घेतलीस. म्हणजे एवढ्या वर्षांत तुझ्या आईने तो गळ्यात घातलाच नव्हता. तुम्ही तिघी गळा, बायबल आणि देवघर यांवरून भांडताय, आणि जिचा तो होता तिने यातली एकही जागा धरली नव्हती. तिने खिसा धरला होता.

आधी ढोंगाचं बोलू. तुझ्या बहिणीचं अर्धं बरोबर आहे. माझे वडील वारकरी, माळकरी. त्यांची तुळशीची माळ माझ्या कपाटात स्टीलच्या डबीत आहे. ज्येष्ठात पालख्या पुण्यात येतात, तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते, तेव्हा दरवर्षी मला ती घालावीशी वाटते. पण मी बांगडा खाते, आणि सोडणार नाही. माळेला अटी असतात. म्हणून डबी उघडायची, हात लावायचा, पुन्हा बंद करायची. एखाद्या वस्तूला तिचं स्वतःचं काही म्हणणं असतं आणि आपल्या मायेपुढे ते पुसलं जात नाही, एवढं तुझी बहीण सांगू बघतेय, फक्त रागावून.

पण तिचा 'हक्क' मला पटला नाही. ख्रिस्ती माणूस बाप्तिस्म्याने होतो, क्रूस घालून होत नाही, आणि तो काढला म्हणून ख्रिस्तीपण जातही नाही. माळ घेताना जसं व्रत घेतात तसं काही क्रूस घालताना घेत नाहीत.

तरी तो लॉकेट नव्हे. आईचं मराठी बायबल उघडून बघ, तिथे शब्द आहे वधस्तंभ. क्रूस म्हणताना जीभ सहज वळते, वधस्तंभ म्हणताना अडखळते, आणि ते योग्यच आहे. रोमन राज्यात गुलामांना, बंडखोरांना लोकांदेखत हाल करून मारायचं ते साधन. म्हणूनच सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी खुणेसाठी मासा काढला, जहाजाचा नांगर काढला. क्रूस उघडपणे सगळीकडे दिसायला लागला तो चौथ्या शतकापासून. ज्यांच्या गुरूला त्यावर मारलं त्यांनाही तो भिंतीवर मिरवायला एवढा वेळ लागला. तू सात-आठ महिन्यांतच स्वतःवर खटला भरून बसलीस.

तुझ्या आईचा क्रूस साधा, म्हणजे त्यावर येशूची आकृती नाही. कॅथलिक घरांत बहुतेक आकृतीसह असतो, तुमच्या प्रोटेस्टंट घरांत रिकामा. एका परंपरेने दुःख डोळ्यांसमोर धरलं, दुसरीने त्या दुःखानंतर रिकामी झालेली जागा. आता एक नर्स डोळ्यांपुढे आण. रात्रीचे तीन, वॉर्डात चाळीस खाटा, एक नुकतीच रिकामी झालेली. नातेवाईक बाहेर रडतायत, डॉक्टर सही करून गेलेत, चादर हिने बदलायचीय. अशा वेळी खिशातल्या ज्या वस्तूवर अंगठा जायचा ती तिला काय सांगत असेल? मी तिला ओळखत नव्हते, पण ती उजवी बाजू उगीच झिजत नाही. चांदी मऊ असली तरी तिला झिजायला हात लागतो, आणि रोज लागतो.

म्हणून 'येशू आठवत नाही, आई आठवते' हे वाक्य मला वाटतं तितकं सरळ नाही. तिच्या अंगठ्याखाली जे होतं ते तिच्या देवाचं मरण होतं, आणि तुझ्या अंगठ्याखाली तिची झीज आहे. तुला आई आठवते तेव्हा तिचा विश्वासही थोडा हाताला लागतोच, तू मान वा मानू नकोस. याचा अर्थ रविवारपासून उपासनेला जा असा नाही. जावंसं वाटलं तर जा, पण बहिणीला दाखवायला नको.

आणि क्रुसाशी आपलं आपण भांडून जागा ठरवणारी तू पहिली नाहीस. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या ज्या सिस्टरांनी त्यांना आधार दिला त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वाद घातले, आणि त्यातला एक क्रुसावरच्या अक्षरांचा होता. लॅटिन नको, आपल्या देशाचं संस्कृत हवं, असं त्यांचं म्हणणं. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभं करणारी बाई ती. श्रद्धा होती म्हणून गप्प बसली नाही, आणि वाद घातला म्हणून श्रद्धा कमी पडली नाही.

आता सासूबाई. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्कार, आलं, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्याच पुण्यात आज एक सासू सुनेच्या आईचा क्रूस बाळकृष्णाशेजारी मांडते. मला पहिल्यांदा त्यांनाच चहाला बोलवावंसं वाटलं. पण तुला रडू का आलं तेही कळतं. त्यांनी मान दिला, पण स्वतःच्या भाषेत दिला. हळदकुंकू वाहिलं आणि तुझी आई त्या घरातल्या पंचवीस देवांतला सव्विसावा देव झाली. तुला ती देव म्हणून नको होती, आई म्हणून हवी होती. त्यांना न दुखवता एकदाच सांग: "आई, तुम्ही एवढ्या मायेने ठेवलात, बरं वाटलं. पण आमच्याकडे त्याला काही वाहत नाहीत. तो मी माझ्याजवळच ठेवते." त्या समजतील. क्रुसाला जिने देवघरात जागा काढली ती समजून घेण्यातली बाई आहे.

कुंकू सांध्यात अडकलं असेल तर मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने काढ. रांगोळीने घासू नकोस, आणि सोनाराला पॉलिश तर मुळीच करू देऊ नकोस. कडी बसवताना त्याने हात फिरवला नसेल अशी आशा करते. ती झीज गेली तर तुमच्या हातात राहील ती नुसती चांदी.

बहिणीशी वाद घालू नकोस. तीही पोरकी झालीय, तिच्या हातात फक्त बायबल आलंय आणि तिला वाटतंय की आई दोन ठिकाणी वाटली गेली. क्रूस कुणाकडे राहणार हा विषयच काढू नकोस. फोन कर आणि एवढंच विचार: आई तो खिशातून कधी काढायची? ती मोठी आहे, आईची नाइट संपायची तेव्हा ती जागी असेल, तू झोपलेली असशील. तिला जे माहीत आहे ते तुला नाही, आणि ते तुला हवं आहे हे तिला कळू दे. ती कदाचित रडेल, कदाचित फोन ठेवेल. ठेवला तर आठवड्याने परत कर.

तोवर गळ्यातून काढ. कुणी म्हणतंय म्हणून नाही, आईने जसा बाळगला तसा महिनाभर बाळगून बघायला. कडी राहू दे, पुढे वाटलं तर पुन्हा साखळीत घाल, तो निर्णय तुझाच. आपल्या कुर्त्यांना खिसे नसतात ही शिंप्यांची जुनी खोड, तेव्हा रोजच्या दोन कुर्त्यांना खिसा शिवून घे. उजव्या बाजूला, अंगठा पोचेल एवढा खोल.

तुझी,
मावशी