काळा गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ का?

दुकानात दुप्पट दराने मिळणारा काळपट गूळ खरंच सेंद्रिय असतो का आणि तो ओळखायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. आमचं गाव पन्हाळा तालुक्यात, घरचं गुऱ्हाळ आहे, म्हणून लिहितोय.

रंगावरून काही कळत नाही. गूळ काळा पडायला कारणं ढीगभर: रसात चुना जास्त पडला, काहिलीखालचा जाळ आवरला नाही, ऊस खारवट रानातला होता, तोडलेला ऊस दोन दिवस तसाच पडून राहिला, नाहीतर पावसाळ्यात ढेप उघडी राहिली. हातखंडा गुळव्या असेल तर सेंद्रिय उसाचा गूळही छान तांबूस सोनेरी निघतो.

खरा घोळ असा की लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. पिवळाधमक गूळ हवा म्हणून काही ठिकाणी काहिलीत हायड्रॉस नावाचं रसायन टाकतात. रस त्याने उजळतो, पण गूळ साठवला की तो रंग पुन्हा उतरतो. हे न घालता आम्ही रानभेंडीच्या खोडाचा चीक टाकतो. मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची. पुढे पाक घट्ट होत जातो आणि त्याचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर गोळी वळली की काहील उतरवायची. तेव्हा तापमान ११८ अंशांच्या आसपास असतं. त्याच्या बरंच आधी, १०५ अंशांच्या सुमारास, काढून घेतली की काकवी. असा गूळ रसायनविरहित झाला, हे बरोबर. पण ऊस युरियावर आणि तणनाशकावर वाढवलेला असेल तर तो सेंद्रिय नाही. गूळ सेंद्रिय होतो तो फडात, गुऱ्हाळात नाही.

फडातलं काम कंटाळवाणं आहे, म्हणून त्याचे फोटो कोणी टाकत नाही. हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा पेरून फुलायच्या आधी गाडायचा. ऊस तुटल्यावर पाचट पेटवायचं नाही, सरीत कुजवायचं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती यांचं जीवामृत पाण्यासोबत सोडायचं. तणनाशक बंद म्हणजे भांगलण, म्हणजे हाताने तण काढणं, वाढली, आणि भांगलायला आता माणूस मिळत नाही. आमचा सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो. त्यात हुमणी, उसाची मुळं खाणारी अळी! वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर गोळा होतात. तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करून मारायचे, प्रकाश सापळे लावायचे आणि जमिनीत मेटारायझियम नावाची बुरशी सोडायची. ती वेळ हुकली की उभा ऊस वाळलेला बघायचा. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असं समजू नका. निंबोळी अर्क मारतात, द्राक्षवाले ठराविक मर्यादेत बोर्डो मिश्रणही मारतात.

आम्ही सुरुवातीला सेंद्रियसाठी तीस गुंठेच काढले होते. पहिल्या दोन वर्षांत उतारा चांगलाच घसरला, आणि तो माल सेंद्रिय म्हणून विकताही येत नव्हता. हंगामी पिकांसाठी पेरणीआधीची दोन वर्षं संक्रमणाची धरतात, बहुवार्षिक पिकांना तीन. एका आडत्याने तर 'काळा माल' म्हणून आमचा दर पाडला. आज तोच रंग शहरात दुप्पट किमतीला जातो, याचं मला अजून हसू येतं.

आता ओळखायचं कसं? पाकिटावर हिरवा 'जैविक भारत' शिक्का आणि प्रमाणपत्राचा क्रमांक बघा. त्यामागे दोन वाटा असतात. एक एनपीओपी, म्हणजे त्रयस्थ संस्था येऊन तपासते. ही योजना २००१ पासून आहे, निर्यातीला तीच लागते आणि छोट्या शेतकऱ्याला तिचा खर्च जड जातो. दुसरी पीजीएस. तिच्यात निदान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. शहरातले लोक विचारतात, 'गावातलेच एकमेकांना पास करणार ना?' तसं होऊ शकतं, नाकारत नाही. पण रात्री गुपचूप युरियाचं पोतं कोणी टाकलं, हे बाहेरून आलेल्या तपासनीसापेक्षा बांधाला बांध असलेल्याला आधी कळतं. शिक्का नसलेला प्रत्येक जण खोटा, असंही नाही. थेट गिऱ्हाइकाला विकणारे कित्येक छोटे शेतकरी कागदाच्या भानगडीत पडत नाहीत.

अशा माणसाकडून घेणार असाल तर गुळाबद्दल विचारूच नका, उसाबद्दल विचारा. पाचटाचं काय करता? हुमणीला काय करता? शेजाऱ्याच्या रानातलं पाणी तुमच्यात येतं का? खरं करणारा अर्धा तास बोलत बसेल, जास्त करून हुमणीला शिव्या देत.

आणि 'सेंद्रिय आहे, मधुमेहाला चालतो' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. गूळ कुठलाही असो, त्यात मुख्यतः साखरच असते.