फाशीविरुद्ध स्त्रियांचे विनंतिअर्ज : वाचकांचे प्रश्न

मताचा हक्क नसताना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंड-अमेरिकेतल्या स्त्रिया कायदेमंडळाकडे अर्ज कशा करू शकत?

अर्जाचा हक्क मतावर अवलंबून नव्हता. इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने आणि अमेरिकेत १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो मान्य झालेला होता. त्याआधी वागणूक फार वाईट मिळे. १६४९ मध्ये समान हक्क मागणाऱ्या ‘लेव्हलर’ गटाचा कैदेत असलेला पुढारी जॉन लिलबर्न आणि त्याच्या साथीदारांच्या सुटकेसाठी लंडनच्या बायका संसदेवर गेल्या, तेव्हा ‘घरी जाऊन भांडी घासा’ असं ऐकवण्यात आलं. १६६१ च्या कायद्याने तर वीसपेक्षा जास्त सह्यांच्या अर्जाला आधी मॅजिस्ट्रेटांची वगैरे संमती लागू लागली, आणि अर्ज घेऊन दहापेक्षा जास्त माणसांनी जायचं नाही असंही ठरलं.

सह्या गोळा केल्या की झालं?

मुळीच नाही. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे कॉमन्ससभेत, अर्ज हातानेच लिहिलेला लागे, छापील चालत नसे. वर सभागृहाला उद्देशून मायना, मग कैफियत, शेवटी स्पष्ट मागणी. मागणीच नसली तर तो अर्ज ठरत नसे. निदान एक सही मजकुराच्याच कागदावर हवी. पुढचे ताव त्याला जोडत. दुसरीकडच्या सह्या कापून चिकटवायला मनाई होती. हे सगळं झालं तरी अर्ज सभागृहात मांडणार खासदारच, म्हणून तो आधी गाठावा लागे.

घोळ व्हायचा तो सह्यांत. १८४८ चा चार्टिस्टांचा, म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या ब्रिटिश कामगार चळवळीचा, अर्ज फाशीबद्दलचा नव्हता, पण उदाहरण बोलकं आहे. दावा पन्नास लाखांवर सह्यांचा, समितीने मोजल्या तेव्हा सुमारे १९ लाख ७५ हजार. पानंच्या पानं एका हाताची, काही नावं सरळ बनावट. खऱ्या सह्याही त्यात बुडाल्या.

अमेरिकेत छापील नमुने चालत, आणि कित्येकांवर मतदार आणि स्त्रिया असे वेगळे रकाने असत. स्त्रियांचा रकाना बाजूला सारणं त्यामुळे सोपं जाई. पण त्याच रकान्यामुळे आज त्यांची संख्या मोजता येते.

उपयोग झाला का?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एका कैद्यासाठी दयेचा अर्ज राजा किंवा गव्हर्नरकडे जातो. शिक्षाच रद्द करा हा अर्ज कायदेमंडळाकडे. बोस्टनच्या वॉशिंग्टन गुड या कृष्णवर्णीय खलाशासाठी १८४९ मध्ये चोवीस हजारांवर सह्या जमल्या, तरी २५ मे रोजी त्याला फाशी दिलीच. इंग्लंडमध्ये तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्रायने १८१८ मध्ये खोट्या नोटांच्या गुन्ह्यातल्या हॅरिएट स्केल्टनसाठी गृहमंत्री लॉर्ड सिडमथपर्यंत धडक मारली. नकार आला, स्केल्टन फासावर गेली. मला फ्रायची त्याच वर्षीची कॉमन्स समितीपुढची साक्ष जास्त मोलाची वाटते, कारण ती कायदा करणाऱ्यांसमोर होती. नोटांच्या बनावटीची फाशी १८३२ मध्ये गेली. मिशिगनने १८४६ मध्ये खुनासाठीची फाशी रद्द केली, राजद्रोहाचा अपवाद ठेवून. ऱ्होड आयलंडने १८५२ मध्ये, विस्कॉन्सिनने १८५३ मध्ये. श्रेय एकट्या अर्जांना देता येणार नाही. पण दयेचा अर्ज फेटाळला की विषय तिथेच मिटे, कायद्याविरुद्धचा अर्ज पुढच्या अधिवेशनात पुन्हा टाकता येई.