डोंगरातल्या दोन दिवसांच्या थ्रीडी तिरंदाजी स्पर्धेला जाताना सोबत काय काय न्यावं?

प्रश्नात बॅगेचं वजन लिहिलंत ते बरं केलंत. तुम्ही मैदानावर तीन वर्षं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) चालवलंय, डोंगरातली थ्रीडी स्पर्धा (फोमच्या प्राण्यांवर बाण मारायची) पहिलीच, दोन दिवस, रोज 24 लक्ष्यं, आणि धनुष्य सोडून बॅग भरली 12 किलोंची. माझं म्हणणं एवढंच की त्यातलं निम्म्याहून जास्त गाडीत राहू द्या.

मैदानावर सगळं सामान शूटिंग लाइनच्या मागे पडलेलं असतं, काही लागलं तर चार पावलं चालायची. डोंगरात गाडी खाली राहते आणि दिवसभर सगळं आपल्याच पाठीवर. पंधराव्या-सोळाव्या लक्ष्याला साइटची (नेम धरायच्या साधनाची) पिन थरथरायला लागते ना, त्यात हातापेक्षा मांड्यांचा आणि चढलेल्या श्वासाचा वाटा मोठा असतो. म्हणून मी आदल्या दिवशी सामानाचे दोन ढीग करतो. प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारायचं: ही वर गेल्यावर हरवली किंवा मोडली, तर पुढचा बाण मारता येईल का? येत नसेल तर ती अंगावर, आणि जमलं तर एकाऐवजी दोन. बाकी सगळं गाडीत.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या पहिल्या डोंगरी स्पर्धेत सातव्या लक्ष्यानंतरच्या उतारावर रिलीज (दोरी खेचून सोडायचं ट्रिगरचं साधन) खिशातून कुठेतरी पडलं. दुसरं होतं, पण गाडीत, खाली चाळीस मिनिटांवर. गट काही थांबणार नव्हता. उरलेली लक्ष्यं मी दुर्बिणीतून बघितली, बस. तेव्हापासून दुसरं रिलीज कमरेच्या पाउचमध्ये असतं. मात्र नुसतं ठेवून भागत नाही. त्याची लांबी आणि ट्रिगरचा ताण पहिल्यासारखा लावून घ्या आणि सरावात अधूनमधून त्यानेच बाण सोडा, नाहीतर ऐनवेळी अँकर (खेचलेला हात चेहऱ्याशी टेकायची ठरलेली जागा) सरकतो.

स्ट्रिंगचं (धनुष्याच्या दोरीचं) गणित कंपाउंडला वेगळं आहे. प्रेसशिवाय (धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) वाटेत स्ट्रिंग बदलणं होत नाही, त्यामुळे जादाची स्ट्रिंग वर नेऊन उपयोग नाही. वर न्यायचं ते एवढंच: डी-लूपची (रिलीज अडकवायच्या फासाची) दोरी, ती जाळून बसवायला लायटर, थोडा सर्व्हिंगचा (स्ट्रिंगवर गुंडाळायचा) दोरा. दोन आठवडे आधी स्ट्रिंग नीट बघा. तंतू सुटलेले दिसले तर तेव्हाच बदला, कारण नवी स्ट्रिंग बसेपर्यंत थोडी ताणत राहते आणि पीप (स्ट्रिंगमध्ये बसवलेलं, त्यातून नेम बघायचं भोक) फिरतं. कॅम (टोकांची चाकं), लिंबचे (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे) बोल्ट आणि साइट यांच्यावर बारीक मार्करने रेघा मारून ठेवा. पडल्या-आपटल्यावर काही हललंय का ते एका नजरेत कळतं.

ॲलन कीचा पूर्ण संच नेऊ नका. घरी धनुष्याचा एकेक स्क्रू तपासा, लागतात तेवढ्याच चार-पाच चाव्या वेगळ्या काढा. बऱ्याच कंपाउंडचे स्क्रू इंचाच्या मापाचे असतात. मिलिमीटरची चावी त्यात बसल्यासारखी वाटते आणि मग स्क्रूचं डोकं गोल करून ठेवते.

आता बाण. वर्ल्ड आर्चरीच्या (तिरंदाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) थ्रीडीत एका लक्ष्याला 2 बाण असतात, म्हणजे 24 लक्ष्यांचे 48. काही ठिकाणी पद्धत वेगळी असते, तुमचं नियमपत्रक बघा. मैदानावर चुकलेला बाण गवतात सापडतो, इथे तो दगडावर जातो. मी 12 एकसारखे बाण तयार करतो, नाव आणि क्रमांक टाकलेले. आठ भात्यात, चार गाडीत. कमरेचा भाता असेल तर टोकं झाकली जातात ना ते बघा, उतारावर पाय घसरला की उघडी टोकं आपल्याच मांडीची वाट बघत असतात. चार-पाच नॉक (बाणाच्या मागे बसणारी खाच) आणि तीन-चार टोकं जादा ठेवा, फोममधून बाण उपसताना सैल टोक आतच राहतं. रबराचा पुलर (बाण उपसायची पकड) विसरू नका. फोम बाणाला असा काही धरतो की घामेजल्या हाताने ओढून सुटत नाही. शिकारीची पाती असलेली टोकं अजिबात नकोत, ती लक्ष्याच्या चिंध्या करतात.

कार्बनचा बाण दगडावर आपटला तर तो पुन्हा लावण्याआधी कानाशी धरून हलकेच वाकवा आणि पिळा. करकर ऐकू आली किंवा तडा दिसला तर तो बाण तिथेच बाद. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. इथे काटकसर करू नका.

अंतराबद्दल. वर्ल्ड आर्चरीच्या थ्रीडीत अंतरं लिहिलेली नसतात आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) चालत नाही. दुसऱ्या आयोजकांकडे चालूही शकतो, तेव्हा आधी विचारा आणि चालत नसेल तर बॅगेत ओझं कशाला? साधी 8 पटींची दुर्बीण मात्र वजन असूनही न्याच, झाडीतल्या तपकिरी प्राण्यावरची गुणांची वर्तुळं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय चढ-उताराचा हिशोब डोक्यात पक्का करा, कारण कागद काढायलाही कधी परवानगी नसते. 30 अंशांच्या तिरक्या माऱ्यात 40 मीटरचं लक्ष्य साधारण 35 मीटरचं समजून मारायचं, मग ते वर असो की खाली. 15 अंशांना फरक साडेतीन टक्क्यांच्या आत असतो, तिथे फार डोकं लावू नका.

हवामान डोंगरात तासाभरात पालटतं. दर 1000 मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं आणि अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, म्हणजे गारठा आणि उन्हाचा चटका एकाच दिवशी. रेनकोट हवाच, पण घरी तो घालून वीसेक बाण मारून बघा. सैल बाही स्ट्रिंगला लागते. आर्मगार्ड बाहीवरून बांधा आणि छातीवर चेस्टगार्ड चढवा. रुंद काठाची टोपी पूर्ण खेचल्यावर स्ट्रिंगला अडते, तेव्हा आखूड काठाची घ्या. बाणांना पिसं असतील तर पावसात ती भिजून लोळागोळा होतात, प्लास्टिकच्या वेन्सना (पिसांऐवजी लावायच्या पात्यांना) काही होत नाही. पीपमध्ये थेंब अडकला तर फुंकर मारायची, लेन्ससाठी मऊ कापड कोरड्या पिशवीत ठेवायचं. आणि एक पेन्सिल! ओल्या स्कोअरकार्डावर बॉलपेन उठत नाही.

बूट जुने, पायाला सरावलेले. दोन-तीन लिटर पाणी, पोटाला सवयीचं काहीतरी खारट, फोडांसाठी पट्टी, शिट्टी, छोटी टॉर्च. याबद्दल वेगळं काय सांगू?

गाडीत ठेवायचं ते: उरलेले बाण, हार्ड केस, असेल तर लहान प्रेस आणि आधीच ताणून बसलेली जादा स्ट्रिंग, कोरडे मोजे-कपडे. धनुष्य मात्र उन्हात बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेने स्ट्रिंग ताणते, पीप फिरतं, लिंबलाही ते मानवत नाही. घरीच राहायच्या वस्तू म्हणजे धनुष्याचं स्टँड आणि मोठी स्पॉटिंग स्कोप (लांबचं लक्ष्य बघायची दुर्बीण).

दोन गोष्टींवर लोक माझ्याशी भांडतात. एक, लांब स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा पुढचा दांडा). मी तो काढून 12 इंचांचा लावलाय, कारण लांब दांडा प्रत्येक झुडपाशी दोस्ती करतो. तुम्हाला लांबाचीच सवय असेल आणि स्पर्धेला महिन्याहून कमी वेळ उरला असेल तर आता बदलू नका. दोन, घडीचं तीन पायांचं स्टूल. हलकं सामान सांगणारा मीच ते पाठीला लावतो, कारण पुढचा गट मोकळा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं ताटकळावं लागतं आणि उभं राहून पाय जातात.

आठवडाभर आधी हे सगळं अंगावर चढवून अर्धा तास जिने चढा-उतरा आणि लगेच सहा बाण मारा. कुठला पट्टा घासतो, कुठला खिसा गळतो, भाता पायात कसा येतो, सगळं तिथेच कळतं. माझी बॅग पाण्यासकट पाच किलोंच्या आसपास असते. तुमच्या बारा किलोंतलं काय काढायचं ते ठरत नसेल तर पूर्ण यादी इथे खाली टाका, बघून सांगतो.