नासरभोवतीची माणसं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. सभागृहात लावायचं माजी अध्यक्षाबाईंचं पोर्ट्रेट तुला मिळालं, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. त्याच पत्रात तू लाज वाटते असं लिहिलंस, त्याचं मात्र वाईट वाटलं. तुझ्या मैत्रिणी म्हणतात, सरकारी काम ही काय कला आहे का, कोटाची इस्त्री आणि गालावरची चमक रंगवायची आणि बिल लावायचं. तू विचारलंस, "सर, घेऊ की नको?"

घे. पण घेताना काय डोळ्यांसमोर ठेवायचं ते सांगतो. माझ्या स्टुडिओत खिडकीशेजारी एक छापील चित्र लावलेलं आहे. चार वर्षं तू त्याच्याखाली बसून पॅलेट पुसलंस, पण ते कुणाचं हे कधी विचारलं नाहीस.

ते हामेद ओवेस या इजिप्शियन चित्रकाराचं, १९५७ सालचं. मधोमध इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर आणि भोवती लोक. विषय सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण, म्हणजे परक्या कंपनीच्या हातातला कालवा देशाने ताब्यात घेणं. यापेक्षा जास्त 'सरकारी' विषय तुला शोधून सापडणार नाही.

२६ जुलै १९५६ ची संध्याकाळ. अलेक्झांड्रियातल्या मनशिया चौकात नासर भाषणाला उभे होते. वय अडतीस. ज्या फ्रेंच माणसाने कालव्याची कंपनी उभी केली, त्या द लेसेप्सचं नाव हीच खूण ठरली होती. रेडिओवर ते नाव ऐकू आलं की तयारीत बसलेल्या लोकांनी कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घ्यायच्या. कुणाच्या कानावरून निसटू नये म्हणून नासर यांनी ते नाव भाषणात पुन्हा पुन्हा घेतलं. कालवा खणताना आपले १,२०,००० मजूर मेले, असंही ते त्या भाषणात म्हणाले. मग इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांचा हल्ला झाला. डिसेंबरात ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा परत गेल्या, आणि त्यानंतर दोनच दिवसांत पोर्ट सैदच्या किनाऱ्यावरचा द लेसेप्सचा भला मोठा पुतळा सुरुंग लावून पाडला गेला. चौथरा तेवढा राहिला. अधिकृत प्रतिमेचं काय होऊ शकतं, हे ओवेसने कुंचला हातात घेण्याच्या थोडंच आधी सगळ्या इजिप्तने पाहिलं होतं.

ओवेसचा जन्म १९१९ चा, बेनी सुएफकडच्या एका खेड्यातला. कैरोत शिकला. १९४७ साली काही मित्रांबरोबर आधुनिक कलेचा गट काढला. १९५२ साली व्हेनिसच्या बिएनालेत, दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्याने इटालियन वास्तववाद्यांची कामकऱ्यांची चित्रं पाहिली आणि आपल्याला काय रंगवायचंय हे त्याला पक्कं कळलं. कामगार, कोळी, शेतकरी. जाड मनगटं, रुंद खांदे, जमिनीत पाय रोवून उभी असलेली माणसं. नासर यांच्याकडे तो दरबारी चित्रकार म्हणून गेला नाही. आधीपासून ज्यांची चित्रं काढत होता, त्याच लोकांच्या बाजूने तो या माणसाकडे बघत होता, आणि त्याला ते मनापासून पटलं होतं. तुझ्या मैत्रिणींना हे सांग. अधिकृत चित्र खोटंच असतं असा काही नियम नाही.

आता चित्राकडे बघ. नासर भोवतालच्या माणसांपेक्षा कितीतरी मोठे. आपल्याकडे असं काढलं तर लोक म्हणतील, चमचेगिरी. पण इजिप्तमध्ये ही प्रमाणाची भाषा पाच हजार वर्षांची आहे. कैरोच्या संग्रहालयात नार्मर राजाची दगडी पाटी आहे, जेमतेम दोन फुटांची. तिच्या एका बाजूवर राजा सगळ्यांत मोठा, त्याच्या मुठीत शत्रूचे केस, आणि मागे त्याची पादत्राणं घेऊन उभा असलेला इवलासा सेवक. आकार म्हणजेच दर्जा. शाळेत जाणारं प्रत्येक इजिप्शियन पोर ही पाटी ओळखतं. ओवेसने तीच लिपी उचलली आणि तिच्यातला मजकूर बदलला. त्या बाजूवर नार्मरच्या भोवतीची छोटी माणसं एकतर मरणारी आहेत किंवा चपला सांभाळणारी. नासर यांच्या भोवतीची माणसं या घटनेची मालक आहेत. ती काढून टाकली तर मधला मोठा माणूस नुसता फोटोतला पुढारी उरेल. हे चित्र मी तीस वर्षं बघतोय, आणि अजूनही माझी नजर आधी कडेच्या लोकांवर जाते.

यापुढचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जून १९६७ मध्ये सहा दिवसांत इजिप्त हरला. त्याच सुमारास, १९६७-६८ मध्ये, ओवेसने 'जीवनाचा रक्षक' काढलं. पुन्हा तोच अवाढव्य देह, पुन्हा त्याच्या आसऱ्याला छोटी छोटी माणसं आपापल्या रोजच्या आयुष्यात. पण आता मधला माणूस बिननावाचा, हातात बंदूक घेतलेला एक साधा लढवय्या. दहा वर्षांपूर्वी जी जागा नेत्याची होती, ती चित्रकाराने अनाम माणसाला दिली. यावर त्याने काय म्हटलं ते मला नको. दोन चित्रं शेजारी ठेवली की पुरतं. ज्याने पहिलं चित्र मनापासून काढलं होतं, त्यालाच दुसरं काढता आलं. पहिलं नुसतं बिलासाठी काढलं असतं, तर दुसऱ्याची गरजच त्याला भासली नसती.

अब्देल हादी अल-गझ्झार या दुसऱ्या इजिप्शियन चित्रकाराचंही सांगतो. क्रांतीआधी, इजिप्तचा राजा फारूखच्या काळात या पोराने एक चित्र प्रदर्शनात मांडलं. अनवाणी बायकांची रांग, आणि प्रत्येकीपुढे जमिनीवर रिकामी थाळी. बस, एवढंच. ना घोषणा, ना राजाचं नाव. पोलिसांनी १९४९ मध्ये त्याला आणि त्याच्या गुरूला, हुसेन युसूफ अमीन यांना, उचललं. महमूद सईद आणि मोहम्मद नागी या वडीलधाऱ्या चित्रकारांनी मध्ये पडून त्यांना सोडवलं. सईद हे स्वतः माजी पंतप्रधानांचे चिरंजीव आणि फारूखच्या राणीचे, फरीदाचे, मामा. तरी ते रिकाम्या थाळ्यांच्या बाजूने उभे राहिले, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे १९५२ ची क्रांती झाली, राजा गेला, आणि हाच गझ्झार नव्या राजवटीचे विषय रंगवू लागला. १९६२ चं 'सनद', नासर यांच्या राष्ट्रीय सनदेवरचं, म्हणजे त्यांच्या राजवटीच्या जाहीरनाम्यावरचं, त्यात हिरवट रंगाची एक भव्य स्त्री आणि तिच्या दोन बाजूंना कामगार आणि शेतकरी. मग १९६४ चं 'उंच धरण', नाईल नदीवरच्या अस्वान धरणावरचं. त्यात माणसाचं एक प्रचंड मस्तक आहे, सगळं यंत्रांच्या भागांनी घडवलेलं. धरण बांधणाऱ्या माणसाचा हा गौरव आहे की माणसाचंच यंत्र झालंय? सरकारने गौरव पाहिला. मला त्या डोक्यात दोन्ही दिसतं, आणि गझ्झारलाही दिसत असणार असं माझं ठाम मत आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

आता तुझ्या कामाचं. माझं एक दुखणं आहे, ते तुला आजवर सांगितलं नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या दिवंगत अध्यक्षांचं पोर्ट्रेट माझ्याकडे आलं. फोटोवरूनच काढायचं होतं. फोटोत त्यांच्या डाव्या हातावर, अंगठ्यापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. मी तो काळजीने रंगवला, त्वचा तिथे कशी ताणली जाते, उजेड कसा घसरतो, सगळं. समितीतले लोक आले आणि म्हणाले, "एवढं ते काढून टाका, बरं दिसत नाही." मी काढून टाकला. अर्ध्या तासाचं काम. अनावरणाला त्यांच्या पत्नी आल्या. चेहरा त्यांनी नंतर पाहिला, आधी हात पाहिला. तरुणपणी गुऱ्हाळात उकळत्या काहिलीत पडणाऱ्या पोराला ओढून काढताना तो हात भाजला होता. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. चित्र अजून तिथे आहे, आणि तो हात स्वच्छ आहे.

म्हणून आगाऊ रक्कम घेण्याआधी कागदावर लिहून घे, चित्र मंजूर कोण करणार आणि बदल किती वेळा सांगता येतील. एक माणूस, दोन वेळा. समितीतल्या सात जणांच्या तोंडी सूचना घेत बसलीस तर चेहरा सातांचा होईल. नुसत्या फोटोवर काम करू नकोस. बाई हयात आहेत, तर त्यांना समोर बसवून काढायला निदान तीन सिटिंग माग, आणि पहिलं सिटिंग त्यांच्या घरी. ऑफिसात माणूस खुर्चीसारखा बसतो. चारकोलने आधी हात काढ, दोन्ही. कोणती वस्तू त्या हातात सवयीने धरतात, बघ. तू लिहिलंस की त्यांनी गावोगाव पाण्याच्या टाक्या बांधून घेतल्या. मग मागचा पडदा आणि फुलदाणी कशाला? मागे ते गाव येऊ दे, डोक्यावर हंडा नसलेल्या बायका येऊ देत, चार बोटांएवढ्या असल्या तरी चालतील, पण प्रत्येकीला तिची स्वतःची मान आणि तिची स्वतःची चाल दे. समिती म्हणेल, गर्दी झाली. तेव्हा वाद घालू नकोस, खुद्द बाईंनाच विचार की यातल्या कुणाला ओळखता का.

तीन बाय चारचा कॅनव्हास माझ्याकडे ताणून तयार आहे, प्राइमिंग वाळलंय. पहिलं सिटिंग झालं की हातांची स्केचेस घेऊन ये आणि तो घेऊन जा.

तुझे,
सर