उत्तर: हयातीचा दाखला फोनवर काढताना सासरे चिडतात, मीही चिडते

सासरे ८१ वर्षांचे, केंद्र सरकारचे पेन्शनर, आणि चेहरा स्कॅन करताना अ‍ॅप सारखं अडतं, असं तुम्ही लिहिलंय. मग पेन्शनर हयात असल्याचा हा दरवर्षीचा दाखला द्यायला नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत थांबताच कशाला? ८० पूर्ण झालेल्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. दोन महिने हाताशी असले की निम्मी चिडचिड तिथेच संपते.

फॉर्मची तयारी त्यांना न बसवता आदल्या दिवशी उरका. ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन्ही अ‍ॅप टाका. पहिल्याचं चिन्ह स्क्रीनवर दिसत नाही, ते मागे चालतं. ‘आलंच नाही’ म्हणून लोक पुन्हा पुन्हा टाकत बसतात. ऑपरेटर म्हणून, म्हणजे अ‍ॅप चालवणारी व्यक्ती म्हणून, स्वतःचं आधार, ओटीपी आणि चेहरा देऊन ठेवा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, खाते क्रमांक, पेन्शन मंजूर करणारं कार्यालय आणि पेन्शन देणारी बँक कागदावर लिहून ठेवा. सासऱ्यांना फक्त ओटीपी आणि चेहऱ्यापुरतं बोलवा.

सकाळी, नाश्ता-औषधं झाल्यावर, खिडकीकडे तोंड करून हातांच्या खुर्चीत बसवा. उजेड पाठीमागून आला तर चेहरा काळा पडतो. चष्मा, टोपी, मफलर काढा, श्रवणयंत्र मात्र राहू द्या. फोन तुम्हीच धरा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

खरी अडचण अ‍ॅप पापण्या मिटायला सांगतं त्या वेळी येते. “हलू नका, इकडे बघा, डोळे मिटा, अहो मिटा ना!” असा भडिमार झाला की म्हातारा माणूस बोलणाऱ्याकडे मान वळवतो आणि चेहरा चौकटीबाहेर जातो. काय करायचं ते आधी सांगा, दोनदा करून घ्या, मग स्कॅन चालू असताना गप्प राहा. पापण्या जड असतील तर अर्धवट मिटलेलं अ‍ॅपला कळत नाही. डोळे मोठे उघडून, पूर्ण मिटून, परत उघडायला सांगा. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, नुसता आवाज वाढतो. समोर बसून, खालच्या पट्टीत, सावकाश बोला.

पुनर्विवाह केला का, पुन्हा नोकरी धरली का, असंही फॉर्म विचारतो. त्यांना न विचारता परस्पर ‘नाही’ दाबू नका. हसतील किंवा रागावतील, पण उत्तर त्यांचं आहे.

दोनदा फसलं की त्या दिवशी थांबा. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर आधार केंद्रात बदलून घ्या. नाहीतर पोस्टमन घरी येऊन बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर दाखला काढून देतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा आहे, शुल्क ७० रुपये. ठसे झिजलेले असतील तर बोटं धुऊन कोरडी करा. बँकेतला कागदी फॉर्मही अजून चालतो.

प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, एसएमएस आला म्हणजे दाखला बनला, मंजूर झाला असं नाही. बँक चुकीची निवडली किंवा पीपीओ चुकला तर तो नाकारला जातो, म्हणून काही दिवसांनी ‘जीवन प्रमाण’च्या पोर्टलवर स्थिती बघा. त्यांना स्वतःच्या पेन्शनशिवाय कुटुंब निवृत्तिवेतनही मिळत असेल तर त्याचा दाखला वेगळा काढावा लागतो. तो दुसऱ्या दिवशी काढा.